कंपनीच्या सर्व्हरवरच्या जुन्या फायली : किती वर्षं ठेवायच्या आणि पुसायच्या कुणी?

शर्वरी_भोसरी

भोसरी एमआयडीसीत आमची गाड्यांचे सुटे भाग बनवणारी प्रा. लि. कंपनी आहे. माणसं साठेक. मी ऑफिस बघते, म्हणजे अकाउंट्स सोडून सगळं, आणि अकाउंट्सचंही अर्धं.

आमचा एनएएस बॉक्स (सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवायचा ऑफिसातला डिस्कचा डबा) भरत आलाय. रोज सकाळी 'जागा संपत आली' अशी मेल येते. व्हेंडरने दुप्पट क्षमतेच्या बॉक्सचं कोटेशन पाठवलं, ते बघून एमडी म्हणाले, "जुनं उडवा की. कोण बघतंय?" सीए म्हणतात आठ वर्षांचं काही हलवू नका. क्वालिटीवाले म्हणतात आमच्या फोल्डरला हात लावाल तर याद राखा. एचआरला विचारलं, तर ती म्हणाली मी आत्ताच जॉइन झालेय.

आत काय काय आहे ते उघडून बघितलं. टॅलीचा डेटा, ड्रॉइंग्ज, पीपॅपच्या (ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेतल्याच्या) फायली हे अपेक्षितच होतं. पण मुलाखतीला येऊन गेलेल्या, कधीच नोकरीला न लागलेल्या लोकांचे बायोडेटा, आधार-पॅनच्या स्कॅनसकट. 'जुना पीसी बॅकअप' नावाचा फोल्डर, त्यात 'डी ड्राइव्ह', त्यात परत 'जुना पीसी बॅकअप'. आणि कुणाच्या तरी साखरपुड्याचा व्हिडिओ, चार ठिकाणी.

माझं मत सांगते. सगळं ठेवायचं हे धोरण नाही, ती चालढकल आहे. 'जागा भरली की उडवा' हेही धोरण नाही. कुठल्या फायलीला किती वर्षं, ती वर्षं मोजायची कधीपासून, आणि पुसायचा अधिकार कुणाला, हे कागदावर हवं. तुमच्याकडे असं काही लेखी आहे का? 'आम्ही सगळं क्लाउडवर टाकलंय' हे उत्तर कृपया नको, क्लाउडचंही बिल येतं.

तिरकस_तात्या

आमच्याकडे आहे की धोरण. सर्व्हर बसला की जुनं आपोआप जातं. ऑडिटरलाही तेच सांगतो.

निशाचर

साखरपुडा मोडला होता का? मग पुरावा म्हणून ठेवा.

नेमका_हिशेब

मी सांगलीत सीएची प्रॅक्टिस करतो. तुमच्या सीएंचं बरोबर आहे, पण 'आठ वर्षं' एवढंच सांगून सोडलं की गोंधळ होतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १२८(५) : हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर्स, चालू आर्थिक वर्षाच्या आधीची आठ आर्थिक वर्षं. म्हणजे २०२५-२६ चालू असताना २०१७-१८ पासूनचं सगळं हवं. हे फक्त कंपन्यांना. प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्मला हे कलम लागत नाही.

जीएसटी : कलम ३६. इथे बहुतेकांची चूक होते. ७२ महिने म्हणजे सहा वर्षं, पण ती वर्ष संपल्यापासून मोजायची नाहीत. त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नची जी शेवटची तारीख असेल तिथून मोजायची. २०२३-२४ च्या वार्षिक रिटर्नची तारीख होती ३१ डिसेंबर २०२४. म्हणजे ती बिलं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर तिचा अंतिम निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष किंवा हे ७२ महिने, जे उशिरा संपेल ते.

इन्कम टॅक्स : फेरआकारणीची मुदत आधी दहा वर्षांपर्यंत जायची. १ सप्टेंबर २०२४ पासून ती संबंधित निर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षं तीन महिने, आणि लपवलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षं तीन महिने अशी झाली. निर्धारण वर्ष म्हणजे उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष, हे विसरू नका.

तेव्हा शर्वरीताई, तुमचा 'मोजायची कधीपासून' हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. फोल्डरला नाव देताना '२०२३-२४ खरेदी बिलं' एवढंच न लिहिता पुढे 'पुसू नये : मार्च २०३२ पर्यंत' असंही लिहून टाका. आठ वर्षांत तुम्हीही तिथे नसाल, मीही तुमचा सीए नसेन.

अजून एक. पेट्रोल पंपाच्या, टोलच्या थर्मल कागदावरच्या पावत्या आल्या आल्या स्कॅन करा. आठ वर्षं जपायचा कायदा आहे, पण ती अक्षरं काही महिन्यांत उडतात. माझ्याकडे लोक कोऱ्या पट्ट्या स्टेपल करून आणतात आणि त्याला व्हाउचर म्हणतात.

शर्वरी_भोसरी

@नेमका_हिशेब, खूप आभार. फोल्डरच्या नावातच तारीख ही कल्पना उद्यापासून सुरू. एक शंका : टॅलीत एडिट लॉग (कुणी कधी काय बदललं याची नोंद) चालू केलाय, तोही आठ वर्षं?

नेमका_हिशेब

हो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल, म्हणजे असाच लॉग, सक्तीचा आहे, आणि तो जपलाय की नाही यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पुस्तकांचा बॅकअप रोज घ्यायचा आणि तो भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवायचा, हेही नियमात आहे. तुमचा बॉक्स भोसरीत आहे, सवाल नाही. क्लाउडवर दुसरी प्रत असेल तर तिची जागा कुठली ते विचारून घ्या.

लोखंडी_जगू

इचलकरंजीहून. मला हा सगळा उपद्व्यापच पटत नाही. डिस्क किती स्वस्त झालीय! माणूस बसवून काय पुसायचं काय नाही हे ठरवण्यात जो पगार जातो, त्यात दोन बॉक्स येतील. आमच्याकडे एकदा एका गिरणीतून फोन आला. माझ्या वडिलांच्या काळात दिलेल्या मशीनचा गिअर मोडला होता, नवीन मशीन त्यांना घ्यायचं नव्हतं. ड्रॉइंग होतं आमच्याकडे, सीडीवर, आणि त्याच्या आधीचं अमोनिया प्रिंटमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कागदी नकलेत. गिअर करून दिला, पैसेही चांगले घेतले. आठ वर्षांचा नियम लावला असता तर बसलो असतो हात चोळत.

काही पुसू नका. कधी काय लागेल सांगता येत नाही.

केबलवाला

@लोखंडी_जगू, डिस्क स्वस्त आहे, ती सांभाळणं स्वस्त नाही. बॉक्स दुप्पट केला की बॅकअपचा बॉक्स दुप्पट, क्लाउडची प्रत दुप्पट, रात्रीचा बॅकअप सकाळी आठपर्यंत चालतो, आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर सगळं परत आणायला लागणारा वेळही वाढतो. मी नाशिकला सातपूर-अंबडच्या कंपन्यांना आयटी सपोर्ट देतो. हल्ला झालेल्या ठिकाणी मालकाला पहिल्या दिवशी फक्त चालू महिन्याची बिलिंग हवी असते. आणि ती असते कुठे, तर वर्षानुवर्षांच्या कचऱ्याच्या ढिगाखाली.

तुमचं गिअरचं ड्रॉइंग ही वेगळी गोष्ट. ते कायम ठेवायच्या यादीत जाईल. साखरपुड्याचा व्हिडिओ त्या यादीत का?

लोखंडी_जगू

ठीक, व्हिडिओ उडवा. पण ड्रॉइंग कुठलं आणि कचरा कुठला हे ठरवणारा माणूस मशीन ओळखणारा हवा, आयटीवाला नको.

केबलवाला

त्यावर आपलं एकमत. आम्हाला ठरवायला लावूच नका, शिव्या मात्र आम्ही खातो.

शर्वरी_भोसरी

जगूकाका, आमच्या धंद्यात याचं उत्तर स्टँडर्डमध्येच सापडलं. आयएटीएफ १६९४९, म्हणजे गाड्यांच्या भागांचं क्वालिटी स्टँडर्ड, सांगतं की पीपॅप, टूलिंगच्या नोंदी, डिझाइनच्या नोंदी, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) वगैरे ठेवायचं, तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष. ग्राहकाने जास्त मागितलं असेल तर तेवढं. म्हणजे क्वालिटीवाले उगाच गुरगुरत नव्हते. पण अडचण अशी की कुठला भाग सर्व्हिसमधूनही बंद झाला हे आम्हाला कुणी कळवतच नाही. ऑर्डर यायची थांबते, बस्स. मग घड्याळ सुरूच होत नाही.

गोंयकार

आमचें पण तसेंच! मडगावात माझं छोटं गेस्ट हाउस आहे. पासपोर्टच्या झेरॉक्स आणि त्याच झेरॉक्सचे फोटो रिसेप्शनच्या मोबाइलवर, तो मुलगा नोकरी सोडून दुबईला गेला, मोबाइल त्याचाच. आता माझ्या पाहुण्यांचे पासपोर्ट दुबईला फिरतायत.

तिरकस_तात्या

पाहुणे परत गेले, पासपोर्ट फिरतायत. याला म्हणतात पर्यटन.

दप्तरी_अण्णा

महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, सध्या मुक्काम सातारा. हा धागा वाचून करमणूक झाली, कारण तुम्ही ज्याच्यासाठी धडपडताय ते सरकारी कचेरीत कधीचं आहे. अंमलबजावणी कशी होते ते विचारू नका.

आमच्याकडे प्रत्येक नस्ती (फाइल) बंद करतानाच तिच्यावर वर्ग टाकायचा. 'अ' म्हणजे कायम. 'ब' तीस वर्षं. 'क' दहा वर्षं. 'क-१' पाच वर्षं. 'ड' एक वर्ष. वर्ग टाकल्याशिवाय अभिलेख कक्षात घ्यायचं नाही, निदान नियम तरी तसा. अभिलेख कक्षात गावागावाचे कागद रुमालात बांधून ठेवलेले असत. मुदत संपलेल्यांची यादी करायची, ती वरिष्ठांपुढे ठेवायची, मंजुरी घ्यायची, मग निंदणीकरण, म्हणजे नष्ट करणं. नष्ट केलेल्या कागदांची यादी मात्र जपून ठेवायची. कागद गेला तरी तो होता आणि अमुक आदेशाने गेला, हे राहतं.

तुमच्या प्रश्नातलं मर्म असं, की वर्ग ठरवायचा तो नस्ती बंद करणाऱ्याने, त्याच वेळी. त्यालाच ठाऊक असतं आत काय आहे ते. दहा वर्षांनी सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाला काय कळणार? तुम्ही आता बसलाय ना डोकं धरून, ते त्याचमुळे.

शर्वरी_भोसरी

अण्णा, काय नेमकं सांगितलंत. 'बंद करतानाच वर्ग' हे मी उचलतेय.

निशाचर

अण्णा, मग मंत्रालयाच्या आगीचं काय? तिथे सगळ्यांना एकच वर्ग मिळाला.

दप्तरी_अण्णा

२१ जून २०१२. विषय दुखरा आहे, त्यात माणसंही गेली. त्यानंतर अनेक खात्यांनी जिल्ह्यांकडून, क्षेत्रीय कार्यालयांकडून पत्रांच्या प्रती मागवून नस्त्या पुन्हा उभ्या केल्या. आमच्याकडेही तशी पत्रं आली, आम्ही स्थळप्रती (आमच्याकडे राहिलेल्या प्रती) काढून दिल्या. आवक-जावक नोंदवही असेल तर काय हरवलं ते तरी कळतं. ती नोंदवही तुमच्या सर्व्हरवर आहे का, बघा.

आणि 'अ' वर्गाची टिंगल करणाऱ्यांसाठी : २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा कुणबी नोंदी शोधायला कोतवाल बुकं, शाळांची जुनी रजिस्टरं, मोडीतले कागद बाहेर काढावे लागले. ज्यांनी ते जपले त्यांच्या काळात या उपयोगाची कुणाला कल्पना होती?

लोखंडी_जगू

बघा! मी तेच म्हणतोय. काही पुसू नका!

अण्णांचा_फॅन

आता आरक्षणावर दोनशे प्रतिसाद येणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक_मंडळ

आरक्षणाचे चार धागे आधीच चालू आहेत. इथे फायलींवरच बोलावे.

राईनकाठ

कोलोनहून लिहितोय. इथे उलटी बाजू बघायला मिळते : न पुसल्याबद्दल दंड. २०१९ मध्ये बर्लिनच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांनी डॉइच वोनेन या मोठ्या घरमालक कंपनीला १.४५ कोटी युरोचा दंड लावला. भाडेकरूंच्या पगारपत्रकांसारखे कागद गरज संपल्यावरही साठवले होते, आणि त्यांच्या अर्काइव्हमध्ये पुसायची सोयच नव्हती. पुढे प्रकरण बरीच वर्षं कोर्टात रेंगाळलं, ते सोडा. पण 'आमच्या सिस्टिममध्ये डिलीट नाही' हे कारण म्हणून चालत नाही, हे इथल्या प्रत्येक कंपनीला तेव्हा कळलं.

हिशेबाचे कागद मात्र इथेही ठेवावेच लागतात. पुस्तकं आणि ताळेबंद दहा वर्षं, व्हाउचर्स २०२५ पासून आठ वर्षं, आधी तीही दहा होती. आणि नोकरीच्या अर्जांचं म्हणाल तर नकार कळवल्यावर साधारण सहा महिन्यांत पुसून टाकतात. शर्वरी, तुमच्या त्या बायोडेटांचा ढिगारा इथे असता तर मी राजीनामा दिला असता.

कोर्टकचेरी

वकील आहे, छत्रपती संभाजीनगर. राईनकाठ यांचा मुद्दा आता आपल्याकडेही लागू होऊ घातलाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसायची, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तेवढी सोडून. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे बिलावरचं ग्राहकाचं नाव जीएसटीसाठी ठेवा, पण नोकरी न मिळालेल्या मुलाचं आधार कुठल्या कायद्याखाली ठेवताय याचं उत्तर तयार असू द्या.

आता दुसरी बाजू. 'मुदत संपली की पुसा' हे वाक्य धोरणात घातलंत तर लगेच खाली दुसरं घाला : नोटीस आली, नोटीस येणार अशी कुणकुण जरी लागली, तरी त्या विषयाचं पुसणं तत्काळ थांबवायचं. नाहीतर काय होतं त्याचं उदाहरण आपल्या गुहागरला दाभोळ प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉनचं. तिचे ऑडिटर आर्थर अँडरसन. चौकशीची चाहूल लागल्यावर फर्ममध्ये 'आपलं कागदपत्रांचं धोरण पाळा' असे निरोप फिरले आणि श्रेडर सुरू झाले. २००२ मध्ये दोषी ठरले. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, पण तोवर फर्म जवळजवळ संपली होती. धोरण लेखी होतं, बरं का. ते आठवलं कधी, एवढाच प्रश्न होता.

पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत, पण मुदत संपायच्या आत समोरच्याने देणं सही करून कबूल केलं की तीन वर्षं नव्याने सुरू. दावा जिंकून मिळालेल्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षं. त्यामुळे थकबाकीदारांचा पत्रव्यवहार सीएंच्या आठ वर्षांच्या कोष्टकात बसवू नका, त्याचा वेगळा कप्पा करा.

तिरकस_तात्या

वकीलसाहेब, व्हॉट्सॲपवर दिलेल्या ऑर्डरी पुराव्याला चालतात का? आमचा निम्मा धंदा 'ओके सर' वर चालतो.

कोर्टकचेरी

चालतात, पण प्रमाणपत्र लागतं. आधी पुरावा कायद्याचं ६५-ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. नव्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली की बदलणारा तिचा आकडा) लिहायची आहे. यावरचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचा आहे : अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, जुलै २०२०. २०१४ च्या निवडणुकीत अर्ज वेळेत भरला की उशिरा, याचा वाद, आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण. कोर्टाने प्रमाणपत्र सक्तीचंच ठरवलं. मात्र वारंवार मागूनही सरकारी कचेरीने ते दिलं नाही, म्हणून त्या प्रकरणापुरती सूट मिळाली. तुमच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तुम्हालाच द्यायचंय, तेव्हा ही सूट मिळेल असं धरू नका.

थोडक्यात, फाइल नुसती असून भागत नाही. ती कुठल्या यंत्रावर होती आणि ते यंत्र कोण सांभाळत होतं, हे सांगणारा माणूस लागतो.

डॉ_चष्मा

आमच्या दुनियेतलं थोडं. मिरजेत नर्सिंग होम आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं, आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. सोनोग्राफीचे पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचे) फॉर्म दोन वर्षं. पण लहान मुलांच्या बाबतीत तीन वर्षांवर थांबायची माझी हिंमत होत नाही. तक्रार पुढे कधी निघेल सांगता येत नाही. जागा मात्र खातं ते सीटी स्कॅन. रिपोर्ट दोन पानांचा, चित्रं शेकडो. आम्ही रिपोर्ट जास्त वर्षं ठेवतो, चित्रं कमी.

नेमका_हिशेब

डॉक्टर, हा मुद्दा कारखान्यालाही लागू आहे. गोषवारा कायम, तपशील मुदतीपुरता. पण पगारपत्रकाला हे लावू नका! पीएफच्या ईपीएस पेन्शन योजनेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२२ चा निकाल आठवा. जास्त पेन्शनचा पर्याय द्यायचा म्हणून मालकांकडून १६ नोव्हेंबर १९९५ पासूनचे पगाराचे आकडे मागितले गेले. माझ्या एका अशिलाने माळ्यावरून वाळवी लागलेली मस्टरं उतरवली. मुदत पुन्हा पुन्हा वाढवत २०२५ च्या जानेवारीपर्यंत न्यावी लागली, याचं एक कारण हेच. तेव्हा पगार आणि पीएफ माझ्या मते कायम. कायदा काहीही म्हणो.

लोखंडी_जगू

तिसऱ्यांदा माझंच खरं ठरतंय. कुणी मान्य करणार का?

शर्वरी_भोसरी

जगूकाका, पगार कायम, ड्रॉइंग कायम, पीपॅप जवळजवळ कायम. एवढं तुम्हाला दिलं. हे सगळं मिळून आमच्या बॉक्सच्या चौथ्या हिश्शाएवढंही नाही, मोजून बघितलं. उरलेलं काय आहे विचाराल तर एकाच सीएनसी प्रोग्रॅमच्या प्रती, फोनमधून ओतलेले फोटो, सीसीटीव्हीच्या क्लिपा आणि सोडून गेलेल्यांचे डेस्कटॉप.

केबलवाला

आता माझी वेळ. सोडून गेलेल्यांवरून आठवलं. क्लाउडवाल्यांनी हे नक्की वाचा.

एक, कचरापेटी म्हणजे बॅकअप नाही. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. कंपनीचं खातं असेल तर त्यापुढे ॲडमिनला आणखी २५ दिवस मिळतात. शेअरपॉइंटला सगळं मिळून ९३ दिवस. मग नमस्कार.

दोन, माणूस नोकरी सोडून गेला की लायसन्सचे पैसे वाचवायला लगेच युजर उडवतात. गूगलवर तो युजर २० दिवसांपर्यंत परत आणता येतो. वनड्राइव्हवर, कुणी सेटिंग बदललं नसेल तर ३० दिवस. म्हणजे कायदा आठ वर्षं म्हणतोय आणि परचेसवाल्याची सगळी कोटेशनं महिन्याभरात हवेत! आधी मालकी दुसऱ्याच्या नावावर करा, मगच युजर उडवा.

तीन, पुसलं म्हणजे पुसलं असं नसतं. एनएएसवरून काढलेले बायोडेटा स्नॅपशॉटमध्ये (बॉक्सने आपोआप जपलेल्या जुन्या स्थितीत) असतात, रात्रीच्या बॅकअपमध्ये असतात, कपाटातल्या यूएसबी डिस्कवर असतात. धोरणात लिहा की बॅकअपच्या प्रती किती दिवस मागच्या ठेवायच्या. आमच्याकडे रोजच्या महिनाभर, महिन्याच्या वर्षभर, आणि मार्चअखेरची प्रत वेगळी काढून आठ वर्षं. मार्चच्या त्या प्रतीत फक्त हिशेब, बाकी काही नाही.

चार, टॅलीचा डेटा म्हणजे नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर. ते ठेवले म्हणजे झालं असं नाही. जुन्या ईआरपी ९ आवृत्तीचा डेटा नव्या टॅली प्राइममध्ये आणायचा तर मायग्रेट करावा लागतो, आणि टॅली व्हॉल्टचा (डेटाला लावलेल्या कुलपाचा) पासवर्ड गेला तर तो परत मिळवायचा मार्ग नाही. दरवर्षी एक जुनं वर्ष उघडून बघा आणि लेजर, डेबुक, ताळेबंद पीडीएफमध्ये काढून शेजारी ठेवा.

आणि लॉग. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवसांचे. फायरवॉलचे लॉग सात दिवसांत पुसले जातात अशा कंपन्या मी रोज बघतो.

गोंयकार

वाचनखूण साठवली. त्या मुलाला दुबईला फोन लावतो.

निशाचर

जुन्या डिस्कचं काय करता? भंगारवाला चांगला भाव देतो म्हणे.

केबलवाला

फॉरमॅट करून देऊ नका, सगळं परत निघतं. शर्वरीताईंकडे ड्रिल मशीन असणारच. हार्ड डिस्कला तीन-चार भोकं आरपार पाडायची, फोटो काढायचा, नंबर अण्णांच्या यादीत चढवायचा.

दप्तरी_अण्णा

आमच्या वेळी पंचनामा करून जाळत असू. भोकं पाडणं जास्त स्वच्छ दिसतंय.

शर्वरी_भोसरी

कच्चा मसुदा एमडींपुढे ठेवला. पाच वर्ग केलेत, अण्णांची कल्पना जशीच्या तशी : कायम, ग्राहक सांगेल तोवर, आठ वर्षं, तीन वर्षं, सहा महिने. बायोडेटा शेवटच्यात. प्रत्येक खात्याचा एक माणूस वर्ग टाकणार. पुसायची यादी मी काढणार, अकाउंट्स आणि क्वालिटी सही करणार, तीस दिवस वेगळ्या फोल्डरला पडून राहणार, मग केबलवाल्यांसारखा कुणीतरी बटण दाबणार. नोटीस आली की एमडींच्या एका मेलवर सगळं थांबणार.

एमडींनी सगळं मान्य केलं, फक्त ई-मेल सोडून. "माझ्या मेलला हात लावायचा नाही." त्यांचा मेलबॉक्स एकट्याचा पन्नास जीबी आहे.

तिरकस_तात्या

सहावा वर्ग करा. 'एमडी'.

कोर्टकचेरी

हसू नका, अपवाद मालकाचा केला की तोच कोर्टात पहिल्यांदा विचारला जातो. 'इतरांच्या मेल तीन वर्षांनी जातात, साहेबांच्या का नाहीत?' एकतर सगळ्या संचालकांना तोच नियम, नाहीतर कारण लिहून ठेवा.

नेमका_हिशेब

कारण सोपं आहे. साहेबांच्या मेलमध्ये दर ठरवल्याचा पत्रव्यवहार आहे, तो व्हाउचरचा आधार आहे. तेवढ्या मेल पीडीएफ करून त्या-त्या पीओच्या फोल्डरला टाका, तिथे आठ वर्षं आपोआप लागतील. बाकीचा मेलबॉक्स मग साधाच राहतो.

शर्वरी_भोसरी

हे करायला साहेबांनी मेल वाचायला हव्यात ना!

सोसायटी_सेक्रेटरी_डोंबिवली

उशिरा आलो. हाउसिंग सोसायटीला हे लागू आहे का? आमच्याकडे बिल्डरच्या वेळेपासूनच्या पावत्या पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत आहेत आणि पाऊस तोंडावर आलाय.

नेमका_हिशेब

सहकार कायद्याचं गणित वेगळं आहे, नवीन धागा काढा, तिथे सांगतो. तोवर कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर केल्याचा दस्त), मंजूर नकाशे, सभासदांचं रजिस्टर आणि सभांची इतिवृत्तं एवढं आजच वर आणा. पावत्यांचं नंतर बघू.